‘कुर्बान’ म्हणण्याआधी जावेला विचार

पत्र:

मावशी, नमस्कार.

मी वसईची. वय ३९. अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरी नवरा, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि सासरे. सासूबाई नाहीत. सासऱ्यांनी आयुष्यभर केळीची आणि भाजीची वाडी केली. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता ते खाटेवरच असतात. दिवसा एक बाई येते, ती सहाला जाते.

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-शिबिर, झालं. प्रवचनकारांनी विचारलं, “तुम्ही देवाला काय दिलंत? दिवसातलं उरलंसुरलंच ना?” ते मला फार लागलं. लग्नाआधी कॉन्व्हेंटमध्ये जायचं माझ्या मनात होतं, तेही आठवलं. तेव्हापासून आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी प्रार्थना गटाला जाते. त्या वेळात सासऱ्यांचं जाऊ बघते, ती शेजारच्याच घरात राहते. हल्ली ती माझ्याशी धड बोलत नाही. नवराही कुरकुर करतो. मी ते सहन करते आणि देवाला वाहते.

पण एवढं करून समाधान नाही. रोझरीची जपमाळ म्हणता म्हणता झोप लागते. रात्री सासऱ्यांची स्वच्छता करताना किळस येते, आणि मग स्वतःचीच लाज वाटते. ऑफिसात तर देवाची आठवणच होत नाही. तिथे काय, साहेब सांगतील तशी मागच्या तारखेची बिलं करायची आणि गप्प बसायचं. वाटतं, नोकरी सोडून पूर्ण वेळ देवाच्या कामाला लागावं. स्वतःला पूर्ण देवाला कसं द्यायचं, मावशी?

— अर्धीच दिलेली

उत्तर:

प्रिय ‘अर्धीच दिलेली’,

३४ वर्षं मी नर्सिंग केलं. पेशंट खरं दुखणं शेवटी सांगतो, हे मला तिथे कळलं. डोकं दुखतं, भूक नाही, झोप नाही, असं सगळं सांगून होतं, डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात, आणि मग तो हळूच म्हणतो, “आणि हो, लघवीतून जरा रक्त जातं.” तुझ्या पत्रातही अशा दोन ओळी आहेत. ‘जाऊ बघते’ ही एक आणि ‘मागच्या तारखेची बिलं’ ही दुसरी. दोन्ही तू जाता जाता सांगितल्यास. मी मात्र तिथेच थांबणार आहे.

त्याआधी नोकरीचं. सोडू नकोस. मुलांच्या फिया, सासऱ्यांची औषधं, दिवसाच्या बाईचा पगार हे मग कोण भरणार, त्याचं पत्रात अवाक्षर नाही. आणि कॉन्व्हेंटचा रस्ता तू वेदीसमोर उभं राहून लग्नाला ‘हो’ म्हटलंस तेव्हाच बंद झाला. तो ‘हो’सुद्धा देवाच्या साक्षीनेच होता. कधी हळहळ वाटली तर वाटू दे. मलाही तरुणपणी वाटायची, पण माझं कारण वेगळं होतं. सिस्टर लोकांना स्वयंपाक करावा लागत नाही, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा निघाला.

आता बायबल काढ. मार्कचं शुभवर्तमान, सातवा अध्याय. येरुशलेमहून आलेले परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियमांचे कडक जाणकार, तक्रार करताहेत की तुझे शिष्य हात न धुता जेवतात. येशू त्यांना एक भलतंच उदाहरण देतो. म्हणतो, आईबापाचा मान राखा अशी देवाची आज्ञा आहे. पण कोणी आईबापाला म्हणाला, “माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते मी कुर्बान केलं आहे,” म्हणजे देवाला वाहिलं आहे, तर तुम्ही त्याला आईबापासाठी काहीच करू देत नाही. रिवाज असा होता की एखादी गोष्ट कुर्बान म्हणून बोलली की ती ज्याच्यासमोर बोलली त्याला तिचा उपयोग करता येत नसे. नवस देवाच्या नावाचा आणि हात हलवत बसायचं म्हाताऱ्यांनी! येशू ज्या थोड्या गोष्टींवर खरोखर चिडलेला दिसतो त्यांत ही एक आहे.

हा शब्दही बघ. कुर्बान हिब्रू आहे आणि त्याच्या मुळाशी ‘जवळ येणं’ आहे. बकरी ईदची कुर्बानी त्याच कुळातली, ती अरबीतून आली. हिंदीतलं ‘करीब’ही त्यातलंच. माझ्याबरोबर केरळच्या नर्स होत्या, त्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या अर्पणाच्या उपासनेला, ‘कुर्बाना’ म्हणायच्या. सिरियाक ही त्यांच्या उपासनेची जुनी भाषा, तिच्यातून तो त्यांच्याकडे आला. म्हणजे काहीतरी घेऊन देवाच्या जवळ जायचं, ते अर्पण. आता तूच सांग, तुझ्या तीन संध्याकाळींनी कोण कोणाच्या जवळ आलं? जाऊ तर लांब गेली.

आणि मुळात त्या संध्याकाळी तुझ्या होत्या का? तू देवाला जे वाहिलंस ते जावेच्या घरातून उचललेलं होतं. दिवसभर तीही राबली असेल. तिचीही मुलं असतील, तिलाही सातला जरा पाय पसरून बसावंसं वाटत असेल. तिला आधी विचारलं होतंस का? पत्रात तसं काही दिसत नाही. ‘जाऊ बघते’ एवढंच आहे, नळाला पाणी येतं म्हणावं तसं.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूने याची पुढची पायरी सांगून ठेवली आहे. तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. बघ, ‘तुझ्या मनात’ असं तो म्हणत नाही. भावाच्या मनात. तुझ्या बाबतीत जावेच्या. तेव्हा हे वाचून झालं की तिच्याकडे जा. केळफुलाची भाजी करून नेलीस तरी चालेल, पण भाजीआड लपू नकोस. “मी देवाच्या कामाला जात होते ना,” असं सुरू केलंस तर बोलणं तिथेच संपेल. सरळ म्हण, “तीन-तीन संध्याकाळी तुझ्यावर टाकून गेले, विचारलंही नाही. चुकलं माझं.” मग ती जे बोलेल ते ऐकून घे. ती बरंच बोलेल. गटाला जायचं अगदी सोड असं मी म्हणत नाही. एक संध्याकाळ ठेव, ती नवऱ्याशी आणि जावेशी ठरवून, आणि बदल्यात जावेला तिच्या सोयीची एक संध्याकाळ मोकळी करून दे.

तुला बोलायचा मला अधिकार आहे असं नाही. नर्सिंग शिकत असताना, बाविसाव्या वर्षी, मीही अशीच एका रिट्रीटमधून पेटून आले होते. ड्युटीच्या आधी अर्धा तास चॅपलमध्ये बसायचे. अर्ध्याचा पाऊण झाला. आठवडाभर हँडओव्हरला उशिरा पोचले, आणि रात्रभर जागलेली नर्स माझ्यासाठी खोळंबून राहिली. तिला लांबची लोकल पकडायची असे. एका सकाळी वॉर्डच्या सिस्टर चॅपलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “संत विन्सेंट द पॉल आपल्या सिस्टरांना काय सांगायचे ठाऊक आहे? प्रार्थनेच्या वेळी गरिबाने हाक मारली तर उठून जा. तेव्हा तुम्ही देवासाठीच देवाला सोडता.” मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाल्या, “तुला तर याने हाक मारूनही वीस मिनिटं झाली.”

प्रवचनकारांचा प्रश्न चुकीचा होता असं मला वाटत नाही. ‘उरलंसुरलं’ म्हणजे वेळ, असा अर्थ तू काढलास, तिथे गाडी रुळावरून घसरली. वेळ मोजायला सोपा असतो ना! तीन संध्याकाळी, एक रोझरी, पाच घरभेटी. पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं, त्याच्या बाराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो अर्पण काय करायचं ते सांगतो. वेळ म्हणत नाही, मन म्हणत नाही. शरीरं म्हणतो. तुमची शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या. नाक, कंबर, गुडघे, टाइप करणारी बोटं. येरुशलेमच्या मंदिरात बळी द्यायचा तो बैल किंवा कोकरू दुसऱ्याचं शरीर असे. इथे स्वतःचं आहे, आणि त्याला भूक लागते, वास येतो, रात्री साडेदहाला डोळे मिटायला लागतात.

म्हणून किळसेबद्दल. पहिल्या वर्षी बेडपॅन रिकामं करून मी बाथरूममध्ये ओकले आहे, एकदा नाही, अनेकदा. किळस नाकाला आणि पोटाला येते, तिच्यात पाप कसलं? तिच्यावर उपाय करायचे असतात. नाकाखाली थोडं विक्स लाव किंवा मास्क घाल. हातमोजे वापर, त्यात सासऱ्यांचा अपमान नाही. सुरू करण्याआधी सगळं हाताशी ठेव: कोमट पाणी, दोन मऊ फडकी, सुका टॉवेल, धुतलेली चादर. मध्येच उठून टॉवेल शोधायला गेलीस की ते तसेच उघडे पडून राहतात, आणि त्यांची खरी लाज तिथे असते. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेव, बाकीवर चादर. कुशीवर वळवताना लुळा हात धरून ओढू नकोस, त्याने खांदा निखळतो, आणि तो हात अंगाखालीही जाऊ देऊ नकोस. माकडहाड, टाचा, ढोपरं रोज बघ. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघ. दाबल्यावरही लाली जात नसेल तर डॉक्टरांना दाखव, तिथे चोळत बसू नकोस. दर दोन तासांनी कूस बदलायची. आणि प्रत्येक वेळी हात लावण्याआधी सांग, “बाबा, आता तुम्हाला भिंतीकडे वळवते हं.” वाचा गेली म्हणून कान गेलेले नसतात.

हे काही मी देवाचा विषय सोडून बोलत नाहीये. तुझ्या सासऱ्यांच्या घरात लिझ्यूच्या संत तेरेजाचा फोटो असेल, गुलाबाची फुलं हातात घेतलेला. वसईत बऱ्याच घरांत असतो. १८९७ साली वारली तेव्हा ती अवघी २४ वर्षांची होती. तिच्या मठात सिस्टर सेंट पिअर नावाच्या एक म्हाताऱ्या, दुखणाईत, चिडक्या सिस्टर होत्या. संध्याकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना त्या आपलं वाळूचं घड्याळ तेरेजाकडे बघून हलवायच्या. याचा अर्थ, चल, मला जेवणघरात ने. तेरेजाने कमरेला धरून मागून चालायचं. जरा भरभर गेली तर “पाडशील मला!” हळू गेली तर “धरलंयस कुठे, हातच लागत नाही तुझा!” जेवणघरात पोचलं की त्यांना त्यांच्याच पद्धतीने बसवायचं, बाह्या त्यांच्याच पद्धतीने वर घ्यायच्या. हे काम अंगावर घ्यायला तिला सोपं गेलं नाही, असं ती स्वतःच लिहिते. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की त्यांना पाव कापायला त्रास होतो. तेव्हापासून निघण्याआधी ती पावही कापून द्यायला लागली, आणि जाताना त्यांच्याकडे बघून हसायची. म्हातारी विरघळली ती त्याने.

मला त्यातलं पाव कापणं आवडतं. तिला कोणी ते सांगितलेलं नव्हतं. तिने बघितलं म्हणून तिला दिसलं.

झोपेचंही तिच्याकडेच ऐक. ही बाई प्रार्थनेला बसून वर्षानुवर्षं पेंगत होती आणि तिने ते लपवलं नाही. लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापाला तेवढंच प्रिय असतं, असं ती म्हणे. वर हेही, की ऑपरेशन करायचं तर डॉक्टर पेशंटला आधी झोपवतातच. ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिलेली बाई म्हणून मला या वाक्याचं फार हसू येतं. पहाटे पाचला उठणारी, विरार लोकलमध्ये दोन वेळा उभी राहून येणारी तू रात्री साडेदहाला रोझरीवर पेंगलीस तर त्यात लाज कसली? एक दशक, म्हणजे माळेतले दहा मणी, म्हण आणि झोप. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिक ख्रिस्ती लोकांच्या अर्पणांविषयी लिहिलं. काम, प्रार्थना, संसार ही अर्पणं तर तिथे मोजली आहेतच, शरीरामनाची विश्रांतीही मोजली आहे. धर्मपंडितांनी भरलेल्या सभेला ते सुचलं, म्हणून मला त्यांचं कौतुक वाटतं.

आता तुझ्या नवऱ्याकडे वळते, कारण पत्रात तो फक्त कुरकुरताना दिसतो. सासऱ्यांचं रात्रीचं सगळं तू का करतेस? ते त्याचे वडील आहेत. आईबापाचा मान राखण्याची आज्ञा पहिली त्याला लागू होते. आणि तुला किळस येते म्हणतेस, तर सुनेने आपल्याला उघडं करून पुसावं याचं त्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार केलास? आयुष्यभर वाडीत कष्टलेला, लंगोट नेसून विहिरीवर उभा राहिलेला गडी. त्याला बोलता येत नाही, नाहीतर त्याने कधीच मुलाला हाक मारली असती. रात्रीची स्वच्छता मुलाने करायची, तू चादर धरायची. त्याला जमत नसेल तर शिकव, चार दिवसांत येतं. वॉर्डबॉय शिकतात, तोही शिकेल.

तू ‘सहन करते आणि देवाला वाहते’ असं लिहिलंस. अर्पण हा शब्द आपल्याकडे बायकांच्याच पदरात जास्त पडतो. पुरुषाने मिरवणुकीत क्रूस धरला, फेस्ताला मांडव घातला की त्याची भक्ती झाली. बाकी सहन करणं आपल्याकडे. सहन करण्यासारखं पुष्कळ असतं हे खरं आहे, पण जे एका वाक्याने सुटण्यासारखं आहे ते तोंड मिटून सोसलं, तर ते देव तुझ्या खात्यावर मांडेल असं मला वाटत नाही. बोल त्याच्याशी.

आणि आता ती बिलं.

मी हिशेबातली नाही. पण चार्ट भरलेले आहेत. एका रात्रपाळीला तीस खाटांना आम्ही दोघी होतो. पहाटे तीनचं टेंपरेचर मी सहा पेशंटचं घेतलं आणि उरलेल्यांच्या चार्टवर अंदाजाने भरून टाकलं. सगळे कसे अगदी नॉर्मल! सकाळी डॉक्टरांनी त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या कपाळाला हात लावला तर भट्टी. तो वाचला, देवाची कृपा. पण ड्युटी संपवून मी चॅपलमध्ये गेले, क्रुसाची खूण करायला हात उचलला आणि माझ्या लक्षात आलं, हाच तो हात. त्याच बोटांनी मी खोटा आकडा लिहिला होता. त्या दिवशी खूण अर्ध्यावर राहिली.

मागची तारीख टाकणारी बोटंही शरीराचाच भाग आहेत. ती कंपनीत जमा, आणि संध्याकाळी उरलेलं अंग देवाला, अशी वाटणी होत नाही. ऑफिसात देवाची आठवण होत नाही म्हणतेस. होत असेल. बिल करताना मान खाली जाते ना, मला वाटतं तीच ती आठवण.

यावर नोकरी सोडणं हे उत्तर नाही, निदान पहिलं तरी नाही. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जातात आणि विचारतात, गुरुजी, आम्ही काय करावं? तुझ्याच धंद्यातली माणसं, हिशेबवाली. योहान उंटाच्या केसांचं वस्त्र नेसणारा, रानात राहणारा कडक माणूस. आपल्याला वाटतं, तो म्हणेल, सोडा तो नाका, या रानात. पण तो म्हणतो, ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका. बस. शिपाई विचारतात, त्यांनाही जुलूम करू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात भागवा, एवढंच सांगतो. जकातदार मत्तय नाका सोडून येशूमागे गेला हे मला माहीत आहे. पण त्याला येशूने समोर उभं राहून “माझ्यामागे ये” म्हटलं होतं. तुला रिट्रीटनंतर तसं वाटतंय, यात फरक आहे.

तेव्हा आधी घरी नवऱ्याला सांग, कारण याचे परिणाम त्यालाही भोगावे लागतील. मग पुढचं बिल समोर आलं की साहेबांना शांतपणे म्हण, “सर, तारीख आजचीच टाकते. मागची मी टाकणार नाही, ऑडिटला उत्तर मला द्यावं लागतं.” प्रवचन देऊ नकोस, येशूचं नाव घेऊ नकोस, सगळ्यांसमोर तर मुळीच नको. पुष्कळदा साहेब दोन दिवस तोंड वाकडं करून दुसरा रस्ता काढतात. दबाव आला तर सांगितलेलं ईमेलवर मागून घे. आजवर काय काय झालं आणि तुझी सही कुठे कुठे आहे, ते एखाद्या ओळखीच्या सीएला दाखव, आणि कन्फेशनमध्येही सांग. दोन्हीकडे जा. सीए पापमुक्ती देत नाही आणि फादर रिटर्न भरत नाहीत. दुसरीकडे नोकरी शोधायची वेळ आली तर गुपचूप शोधायला लाग, हातची सोडून मग नको. हे सगळं तीन संध्याकाळींपेक्षा महाग पडेल. मला ठाऊक आहे.

रोजच्या रोज काय करायचं, तेही सांगते. त्याला जुनी, साधी रीत आहे. फ्रान्समध्ये वाल्स नावाच्या गावी जेझुइट संघाच्या धर्मगुरूंचं विद्यालय होतं. तिथल्या तरुणांना मिशनवर जायची एवढी घाई झाली होती की अभ्यासात त्यांचं लक्ष लागेना. ३ डिसेंबर १८४४ ला, फ्रान्सिस झेवियरच्या सणादिवशी, ज्या दिवशी आपले लोक जुन्या गोव्याला जातात, त्यांच्या फादर गोत्रले यांनी त्यांना सांगितलं, तुम्ही आजच मिशनरी व्हा. आजचा अभ्यास, आजचा कंटाळा, आजचं दुखणं सकाळी उठल्यावर देवाला देऊन टाका. त्यातून सकाळच्या अर्पणाची प्रार्थना जगभर गेली. आपल्या आज्या ती चूल पेटवताना म्हणायच्या. तुला घरात जमणार नाही, घरात तुला डबे भरायचे असतात. वसई रोडच्या पुलाचा जिना चढताना म्हण. पण ‘आजचा सगळा दिवस’ असं घाऊक नको. नाव घेऊन दे: साडेअकराचं ते बिल, जावेचं तोंड, रात्रीची चादर, आणि गाडीत बसायला मिळालं तर ती सीट. नाव घेतलं की ती ती गोष्ट समोर आल्यावर ओळखू येते.

रविवारी मिस्साला अर्पणविधीत भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतात, तेव्हा आठवड्याची ही पोतडी मनातल्या मनात त्या तबकात ठेव. एखाद्या रविवारी सासऱ्यांजवळ कोणीच नसेल तर घरी राहा. गंभीर कारण असेल तर मिस्सा चुकण्याची सूट चर्च देतं, आणि एकट्या पडलेल्या आजाऱ्याजवळ थांबणं हे तसं कारण आहे. धर्मगुरूंना सांगून पहिल्या शुक्रवारी सासऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद घरी आणायची सोय कर. दीड वर्षात ती केली नसलीस तर मला नवल वाटेल. पण पत्रात तसं काही नाही म्हणून सांगितलं.

आणखी एक, नर्स म्हणून. उजवी बाजू आणि वाचा दोन्ही जातात तेव्हा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते. अशा माणसाला ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण लहानपणापासून घोकलेलं पुष्कळदा शाबूत राहतं: अंक, गाणी, शिव्या आणि प्रार्थना. मी एक आजोबा पाहिले आहेत, त्यांना बायकोचं नाव घेता येत नव्हतं आणि प्रभूची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत येत होती. सगळ्यांच्या बाबतीत होईलच असं नाही. पण आज रात्री त्यांचं आवरून झालं, दिवा बारीक केला, की नवऱ्यालाही खाटेपाशी बसव. ज्या बोलीत सासरे लहानपणी प्रार्थना शिकले त्या बोलीत, सावकाश सुरू कर. अर्ध्या ओळीवर थांब आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहा. घाई करू नकोस, त्यांना वेळ लागेल.

काय झालं ते मला कळव.

— तुझी मावशी